पेल्यावरचं नाव कुणाचं? चारशे वर्षांपूर्वीचा काचेचा चषक आणि त्याचा 'कर्ता'

जुन्या वस्तूंच्या लिलावाची बातमी आली की आपली नजर आधी आकड्यावर जाते. एवढ्याशा पेल्याला एवढे पैसे? मग खाली कुठेतरी एक वाक्य असतं: 'हा चषक अमुक कारागिराचा मानला जातो.' मानला जातो म्हणजे काय? आहे की नाही ते सांगा ना! त्यावर त्याची सही आहे का? नसेल, तर चारशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव त्याला कुणी आणि कशाच्या जोरावर चिकटवलं?

याचं उत्तर एका उदाहरणातून सोपं होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १५८६ साल कोरलेला एक काचेचा चषक आहे. त्याच्यासोबत नाव घेतलं जातं जाकोमो वेर्झेलिनी याचं. हा मूळचा व्हेनिसचा, धंदा लंडनमध्ये. गंमत अशी की चषकावर अक्षरं भरपूर आहेत, पण त्यात वेर्झेलिनीचा 'वे'सुद्धा नाही.

आधी वस्तू नीट बघू

चषक म्हणजे दांडीवर उभा असलेला पेला. वर पेय घ्यायची वाटी, मध्ये दांडी, खाली गोल बैठक. १५८६ च्या चषकाच्या वाटीवर 'इन गॉड इज ऑल माय ट्रस्ट', म्हणजे 'माझा सारा भरवसा देवावर', असं वाक्य आहे. 'ऑल'मध्ये एकच एल आणि 'माय' लिहिताना वायच्या जागी आय. इंग्रजीचं शुद्धलेखन तेव्हा ठरायचं होतं, त्यामुळे याला चूक म्हणता येत नाही. सोबत जी. एस. ही आद्याक्षरं आणि साल.

लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये याचा एक भाऊबंद आहे, १५८१ चा. त्यावर जॉन आणि जोन डायर ही दोन नावं. नवराबायकोची असावीत, आणि चषक लग्नाचा किंवा लग्नानंतरच्या एखाद्या प्रसंगाचा. १५७७ सालचा आणखी एक अमेरिकेतल्या कॉर्निंग काचसंग्रहालयात आहे. असे जगभरात मिळून डझनभराच्या आसपास चषक उरलेत. बहुतेकांवर साल, कुणाची तरी नावं किंवा आद्याक्षरं, वेलबुट्टीचे पट्टे, आणि काहींवर झाडांमधून हरणाच्या मागे लागलेली शिकारी कुत्री. मध्येच एखादा एकशिंगी घोडाही दौडत असतो.

जवळून पाहिलं तर कोरीव कामाची एक खोड दिसते. पानाच्या किंवा प्राण्याच्या आकाराची बाह्यरेषा आधी काढलेली असते आणि आतली जागा बारीक समांतर रेघा मारमारून भरलेली. रेघांमुळे तो भाग दुधी दिसतो आणि भोवतालची कोरी काच पारदर्शक राहते. हरणाचं अंग असंच भरलेलं, पानंही अशीच. ही खोड लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

नावं आहेत, मग प्रश्न काय?

आपल्या घरातल्या जुन्या पितळी किंवा स्टीलच्या भांड्यांवर नावं असतात. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट', खाली तारीख. ते नाव भांडं घडवणाऱ्या तांबटाचं नसतं. ज्याने ठोकठोक करून ती अक्षरं घातली त्या दुकानातल्या माणसाचंही नसतं. नाव असतं देणाऱ्याचं नाहीतर घेणाऱ्याचं. भांड्याला हात लागलेले दोन कारागीर, आणि दोघंही बेनाव.

चषकांचंही तेच. जी. एस. हा गिऱ्हाईक. जॉन आणि जोन डायर हे गिऱ्हाईक. काच फुंकून चषक घडवणारा एक आणि त्यावर थंडपणे बसून कोरणारा दुसरा, असे किमान दोन कारागीर यामागे आहेत. फुंकणारा भट्टीसमोर, तापलेल्या मऊ काचेवर काम करतो आणि त्याचा सगळा खेळ काही मिनिटांत आटोपतो. कोरणारा टेबलाशी, थंड काचेवर, हवा तेवढा वेळ घेऊन. दोघांची हत्यारं वेगळी, शिकण्याची रीत वेगळी, बहुधा राहण्याची गल्लीही वेगळी. म्हणून 'या चषकाचा कर्ता कोण' या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. लिलावाच्या बातम्या नेमकी हीच गोष्ट गिळून टाकतात.

स्वच्छ काच करणं एवढं अवघड होतं?

होतं. काचेचा मूळ माल म्हणजे वाळू किंवा गारगोटी, रसायनाच्या भाषेत सिलिका. ती नुसती वितळवायची तर १,७०० अंश सेल्सिअसच्या घरात तापमान लागतं. लाकडाच्या भट्टीला ते झेपत नाही. म्हणून त्यात क्षार मिसळायचा, की सिलिका बऱ्याच कमी उष्णतेवर वितळते. सोडा किंवा पोटॅश म्हणतात ते हे क्षार, आणि जुन्या काळी ते वनस्पती जाळून राखेतून मिळायचे. तिसरा घटक चुना. चुना नसेल तर काच पाण्याला टिकत नाही.

वाळूत लोखंडाचा अंश असतोच आणि त्याने काच हिरवट होते. जुन्या स्वस्त बाटल्यांचा हिरवा रंग तो हाच. व्हेनिसच्या कारागिरांनी पंधराव्या शतकाच्या मध्यावर यावर मात केली. गारगोट्या निवडून घेतल्या, पूर्व भूमध्य किनाऱ्यावरून आलेली वनस्पतींची राख पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून शुद्ध केली आणि मँगनीज घालून हिरवी छटा मारली. या काचेला ते 'क्रिस्टालो' म्हणत, स्फटिकासारखी दिसते म्हणून. अँजेलो बारोव्हिएर या काचकाराचं नाव या शोधाशी जोडलं जातं.

व्हेनिसच्या भट्ट्या आगीच्या भीतीने १२९१ मध्येच शहरातून जवळच्या मुरानो बेटावर हलवल्या होत्या. कारागीर एकाच बेटावर आल्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणंही सोपं झालं. परदेशी जाऊन हे काम शिकवू नये म्हणून व्हेनिसच्या सरकारने कडक कायदे केले, शिक्षेची भीती घातली. तरी माणसं निसटलीच. ज्ञान हातात असेल तर ते सरहद्दीवर पकडायचं कसं? सोळाव्या शतकात अँटवर्प (आजच्या बेल्जियममधलं बंदर) हे या निसटलेल्यांचं मोठं ठिकाण झालं. तिथे बनणाऱ्या काचेला 'व्हेनिस धाटणीची काच' असं नाव पडलं आणि हा शब्दप्रयोग आजही तज्ज्ञ वापरतात. अर्थ एवढाच, की रूप व्हेनिसचं, भट्टी कुठली ते विचारू नका.

वेर्झेलिनी लंडनला कसा पोचला?

त्याचा जन्म १५२२ चा, व्हेनिसमधला. बरीच वर्षं अँटवर्पमध्ये काढली, तिथेच लग्न केलं. १५७१ मध्ये तो लंडनला आला तो जाँ कारे नावाच्या उद्योजकाच्या बोलावण्यावरून. कारेने लंडनमध्ये क्रच्ड फ्रायर्स या भागात व्हेनिस धाटणीची भट्टी घातली होती. पुढच्याच वर्षी, १५७२ मध्ये, कारे वारला आणि कारभार वेर्झेलिनीकडे आला. तेव्हा तो पन्नाशीचा होता, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने म्हाताराच.

१५७५ मध्ये राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला २१ वर्षांची सनद दिली. इंग्लंडमध्ये व्हेनिस धाटणीचे पेले तोच बनवणार, आणि तसे पेले बाहेरून आणायला इतरांना बंदी. बदल्यात एक अट: ही विद्या इंग्रजांना शिकवायची. राणीचा हेतू स्वच्छ होता. पैसा व्हेनिस आणि अँटवर्पला जायचा तो घरात ठेवायचा, आणि एकदा शिकून झालं की परक्या उस्तादाची गरजही उरणार नाही.

ज्यांचा धंदा बुडणार होता ते काच-आयातदार अर्थातच खूश नव्हते. १५७५ च्याच सप्टेंबरमध्ये भट्टीला मोठी आग लागली. त्या काळच्या नोंदींत आहे की आत लाकडाचे चाळीस हजारांच्या आसपास ओंडके रचलेले होते आणि ते सगळे जळाले. इमारत जुन्या मठाची, दगडी भिंतींची, म्हणून आग शहरात पसरली नाही. आग कुणी लावली का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण जिथे रात्रंदिवस जाळ चालतो आणि शेजारीच चाळीस हजार ओंडके, तिथे आग लागायला शत्रूची गरज असतेच असं मला वाटत नाही.

भट्टी पुन्हा उभी राहिली. वेर्झेलिनीला इंग्लंडचं नागरिकत्व मिळालं, त्याने केंटमधल्या डाउन गावाच्या परिसरात जमीनजुमला केला आणि १५९२ मध्ये धंद्यातून निवृत्त झाला. सनद पुढे सर जेरोम बोवेस नावाच्या सरदाराकडे गेली. १६०६ मध्ये वेर्झेलिनी वारला. डाउनच्या चर्चमध्ये त्याचं आणि त्याच्या पत्नीचं चित्र कोरलेला पितळी पत्रा आहे. हे तेच गाव जिथे दोन-अडीच शतकांनी चार्ल्स डार्विन राहायला आला. काच घडवण्यात हयात घालवलेल्या माणसाचं खात्रीचं चित्र उरलं ते पितळेवर!

मग चषकावर त्याचं नाव आलं कसं?

पुरावा साखळीसारखा आहे, आणि प्रत्येक कडी वेगवेगळ्या ताकदीची आहे.

पहिली कडी तारखांची. चषकांवरची सालं १५७७ पासून पुढची, म्हणजे सनदेच्या काळात बसणारी. दुसरी कडी गिऱ्हाइकांची. नावं इंग्रजी, वाक्यं इंग्रजी. तिसरी कडी कायद्याची. या काळात असे पेले बनवण्याचा हक्क इंग्लंडात एकाच माणसाकडे होता आणि आयातीला बंदी होती. तीन कड्या जोडल्या की वाक्य तयार होतं: हे चषक वेर्झेलिनीच्या भट्टीतले असावेत.

'असावेत' म्हणायचं कारण तिसऱ्या कडीत आहे. बंदी होती म्हणजे माल येत नव्हता असं थोडंच आहे? कोरे चषक अँटवर्पहून आले आणि लंडनमध्ये त्यांच्यावर इंग्रजी नावं घातली, असंही होऊ शकतं. ही शंका अभ्यासकांनीच काढलेली आहे. शिवाय आणखी एक बारकावा आहे. चषक त्या भट्टीतला असला तरी वेर्झेलिनीने स्वतः फुंकून बनवला असं त्यातून निघत नाही. तो मालक होता, हाताखाली इटालियन कारागीर होते. 'वेर्झेलिनीचा चषक' याचा प्रामाणिक अर्थ 'वेर्झेलिनीच्या कारखान्यातला, बहुधा' एवढाच.

कॅटलॉगमधल्या शब्दांची उतरंडही अशीच वाचायची. नुसतं नाव दिलं असेल तर खात्री आहे असा दावा. 'अमुकच्या कार्यशाळेतला' म्हणजे त्याच्या देखरेखीखालचा, हात कुणाचा ते माहीत नाही. 'अमुकचा मानला जातो' म्हणजे पुरावा आहे, पण परिस्थितिजन्य. 'अमुकच्या शैलीतला' असेल तर त्या माणसाशी संबंध नसला तरी चालेल, शंभर वर्षांनंतरचाही असू शकतो. लिलावात हरणारे बहुतेक लोक या शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये घसरतात.

आणि कोरणारा?

इथे गोष्ट जास्त रंगते. मघाची ती समांतर रेघांनी आकार भरायची खोड या गटातल्या बहुतेक चषकांवर सारखी दिसते. म्हणून बरेच चषक एकाच हाताने कोरले असावेत असं मानलं गेलं. तो हात कुणाचा? लंडनच्या १५८० च्या दशकातल्या नोंदींत अँथनी द लील नावाचा एक फ्रेंच कारागीर सापडतो. त्याचा धंदा लिहिलाय: प्यूटर आणि काच यांवर कोरणारा. प्यूटर म्हणजे कथलाचा मिश्रधातू. ताटं-पेले त्याचेच असायचे, गरिबाच्या लाकडी भांड्यांच्या वर आणि श्रीमंताच्या चांदीच्या खाली. काळ जुळतो, शहर जुळतं, धंदा जुळतो. झालं, चषकांना त्याचं नाव लागलं.

आता १५८६ च्या चषकावरचं वाक्य पुन्हा वाचा. 'माझा सारा भरवसा देवावर' हे लंडनच्या प्यूटर-कारागिरांच्या संघाचं ब्रीदवाक्य आहे. प्यूटरवर कोरणारा माणूस, प्यूटरवाल्यांचं ब्रीद असलेला चषक. जी. एस. हा त्या संघातला कुणी असेल का? तर्क आकर्षक आहे, यात वादच नाही. पण वाक्य धार्मिक आहे, कुणाही श्रद्धाळू माणसाच्या तोंडी शोभेल असं. आणि लीलची सही असलेला एकही चषक नाही, ज्याच्याशी बाकीचे ताडून बघता येतील. नोंदवहीत नाव उरलं म्हणून श्रेय त्याला मिळालं. त्याच गल्लीत दुसरा कुणी कोरणारा असेल आणि त्याची नोंद उंदरांनी खाल्ली असेल, तर? मला विचाराल तर भट्टीबद्दलचा निष्कर्ष बराच भक्कम आहे, कोरणाऱ्याबद्दलचा पातळ.

'प्रयोगशाळेत द्या, लगेच कळेल!'

ही शंका रास्त आहे. काचेतले घटक मोजता येतात, तेही चषकाला धक्का न लावता, क्ष-किरणांच्या मदतीने. त्यातून बऱ्याच गोष्टी कळतात. क्षार सोड्याचा की पोटॅशचा, ते कळतं. व्हेनिस धाटणीची काच सोड्याची, बोहेमिया (आजच्या चेक देशातला प्रांत) आणि जर्मनीकडची जंगलातल्या लाकडाच्या राखेची, म्हणजे पोटॅशची. शिसं आहे का, तेही कळतं. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने शिशाच्या काचेचं पेटंट १६७४ मध्ये लंडनमध्ये घेतलं आणि त्यानंतर इंग्लंडात ती रुळली. तेव्हा १५८६ म्हणून पुढे केलेल्या चषकात भरपूर शिसं निघालं तर विषय तिथेच संपतो.

पण भट्टी कुठल्या गल्लीत होती हे रसायन सांगू शकत नाही. अँटवर्प, लंडन, व्हेनिस, सगळीकडे कारागीर त्याच परंपरेतले आणि राख भूमध्य समुद्राच्या काठावरूनच आलेली. पाककृती एक, शिधाही एकाच बाजारातला. त्यामुळे प्रयोगशाळा 'हा नाही' असं छातीठोक सांगू शकते, 'हाच तो' असं सहसा सांगू शकत नाही.

'काच जुनी, मग कोरीव कामही जुनंच ना?'

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. भांडं आजीच्या लग्नातलं असलं तरी त्यावर नाव कालही घालता येतं. खरा जुना, साधा चषक स्वस्तात घ्यायचा, त्यावर ऐतिहासिक प्रसंगाचं चित्र किंवा नाव कोरायचं आणि कित्येक पटींनी विकायचं. काच तपासणीत पास होते, कारण ती खरोखरच जुनी असते.

याचं गाजलेलं उदाहरण आयर्लंडमधलं. फ्रान्त्स टीत्से हा बोहेमियाचा कोरीव कारागीर एकोणिसाव्या शतकात डब्लिनला आला आणि तिथल्या पुघ यांच्या काचकारखान्यासाठी काम करू लागला. हाताने अस्सल उस्ताद. १९९४ मध्ये पीटर फ्रान्सिस या अभ्यासकाने दाखवून दिलं की आयर्लंडच्या अठराव्या शतकातल्या राजकीय घडामोडींच्या आठवणी म्हणून मिरवणारे कित्येक कोरीव पेले मुळात या टीत्सेच्या हातचे आहेत, म्हणजे घटनेनंतर शंभरेक वर्षांनी कोरलेले. संग्रहालयांना आपल्या पाट्या बदलाव्या लागल्या. १९३२ मध्ये वारलेल्या टीत्सेला जिवंतपणी फारसं कुणी ओळखत नव्हतं, आता मात्र काचेच्या अभ्यासकांत त्याच्या नावाचा दबदबा आहे.

मग कोरीव काम कधीचं ते ओळखायचं कसं? भिंगाखाली रेघ बघायची. काच कोरायच्या रीती वेगवेगळ्या आणि प्रत्येक रीत आपली खूण ठेवते. वेर्झेलिनीच्या चषकांवरचं काम हिऱ्याच्या टोकाने ओरखडून केलेलं आहे. रेघ बारीक असते आणि तिच्या कडा किंचित खरबरीत, काचेचे सूक्ष्म कण उडालेले. व्हेनिस धाटणीची काच इतकी पातळ की तिला याहून जास्त दाब सहन होत नाही. दुसरी रीत चाकाची: तांब्याची छोटी चकती फिरवायची, तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावायची आणि काच तिच्यावर धरायची. याने खोलगट, गोलाकार खाच पडते आणि चित्राला उठाव येतो. ही कला प्रागमध्ये बादशहा दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी कास्पर लेहमानने नावारूपाला आणली. बादशहाने त्याला १६०९ मध्ये तिचा खास हक्क दिला. याला जाड काच हवी, आणि बोहेमियाची पोटॅशची काच तशीच होती. अठराव्या शतकात हॉलंडच्या फ्रान्स ग्रीनवुडने तिसरीच तऱ्हा नावाजली. हिऱ्याच्या टोकाने नुसते ठिपके द्यायचे, कुठे दाट, कुठे विरळ, की काचेवर धुक्यातून उमटल्यासारखं चित्र दिसतं. एकोणिसाव्या शतकात आम्लाने काच खाण्याची पद्धत कारखान्यांत आली. तिची खूण सपाट आणि एकसारखी असते, हाताचा चढउतार तिच्यात नसतो.

शिवाय झीज बघायची. चारशे वर्षं वापरलेल्या, पुसलेल्या चषकाच्या बैठकीखाली टेबलाशी घासून आडव्यातिडव्या असंख्य चरा पडलेल्या असतात, वेगवेगळ्या दिशांच्या. सँडपेपरने केलेली 'झीज' बहुधा एकाच दिशेची निघते. कोरलेल्या रेघांच्या कडा जर भोवतालच्या काचेपेक्षा ताज्या, टोकदार दिसल्या, तर तज्ज्ञाच्या कपाळावर आठी पडते.

शिकवण्याच्या अटीचं काय झालं?

राणीची अट कागदावर सोपी होती, भट्टीत अवघड. तरी वेर्झेलिनीनंतर इंग्लंडात हा धंदा टिकला आणि वाढला. १६१५ मध्ये जहाजांसाठी लाकूड वाचावं म्हणून काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी आली, कोळशाच्या भट्ट्या आल्या, आणि शतक संपायच्या आत रेव्हन्सक्रॉफ्टच्या शिशाच्या काचेने व्हेनिसलाच मागे टाकलं.

परक्याकडून काच शिकायची आणि मग आपल्या माणसांना शिकवायची, ही खटपट महाराष्ट्रानेही केली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरून एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. तिथलं काम उभं करायला होते ईश्वरदास वार्ष्णेय, जे जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेऊन आले होते. कारखान्याचा मुख्य हेतू नफा नव्हता, कारागीर तयार करण्याचा होता. तळेगावला शिकलेली माणसं पुढे ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली. कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना आणि तिथला 'प्रभाकर' कंदील हा याच स्वदेशीच्या वाऱ्यातला पुढचा अंक. तळेगावच्या कंदिलाच्या काचा आज कुणी कपाटात जपल्या असतील, तर त्यांवरही त्या फुंकणाऱ्या पोरांची नावं नसणार.

आपल्या घरात असा कोरीव पेला असेल तर?

वेर्झेलिनीचा असण्याची शक्यता शून्याच्या इतकी जवळ आहे की ती सोडून द्या. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला बोहेमियाचा किंवा इंग्लंडचा पेला मात्र मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत निघू शकतो. हलक्या हाताने टिचकी मारून बघायचा मोह होईल. शिशाची काच घणघणते, साधी सोड्याची कमी वाजते. पण आकारावरही आवाज बदलतो, त्यामुळे टिचकीवर फार विसंबू नका. अंधारात अतिनील दिवा धरला तर शिशाची काच निळसर चमकते आणि सोड्याची बहुधा हिरवट-पिवळट. ही परीक्षा टिचकीपेक्षा बरी.

विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी माणसाला नाही. परदेशातला ऑनलाइन ग्राहक कितीही गोड बोलला तरी.

आणि पावसाळ्यात त्याच्याकडे लक्ष ठेवा. काचेलाही आजार होतो. दमट हवेतलं पाणी काचेतला क्षार ओढून बाहेर काढतं, पृष्ठभाग आधी चिकट, घामेजलेला लागतो, मग बारीक भेगांचं जाळं पडतं. व्हेनिसवाल्यांची अडचण अशी की राख जितकी शुद्ध करावी तितका तिच्यातला चुनाही निघून जायचा. काच जास्त स्वच्छ, पण तेवढीच नाजूक. रेव्हन्सक्रॉफ्टच्या पहिल्या पेल्यांनाही याच रोगाने ग्रासलं होतं. घटक सुधारून झाल्यावर, १६७७ मध्ये, त्याने पेल्यांवर कावळ्यासारख्या काळ्या पक्ष्याच्या डोक्याची मोहोर उठवायला सुरुवात केली, गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून. कारागिराने स्वतःहून आपली खूण ठेवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण, आणि ते अब्रू सांभाळण्यासाठी!

संग्रहालयं आजारी काच साधारण ४० टक्क्यांच्या आसपासच्या स्थिर आर्द्रतेत ठेवतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत ते घरी जमणं कठीण. निदान बंद, ओलसर कपाटात कापडात गुंडाळून ठेवू नका. पेला चिकट लागला तर कोमट पाण्याने हलकेच धुऊन मऊ सुती कपड्याने लगेच कोरडा करा, गरम पाणी आणि भांडी घासायचं यंत्र दोन्ही वर्ज्य. उचलताना दांडीला नाही, वाटीला खालून हात द्या. जुने चषक तुटतात ते बहुतेक दांडीतच.